बहिरू कुठे गेला

एका मेलेल्या माणसानं ओळीनं पाच रविवार नाशिकहून हरसूलच्या घाटापर्यंत सायकल हाणली, असं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. पण कार्ड आहे. गुलाबी रंगाचं, वर छापलेलं 'गोदाकाठ सायकल मंडळ', खाली शाईनं लिहिलेलं 'बहिरू झिपरू भोये', आणि त्याखाली सहा चौकोन. पाच चौकोनांत जांभळ्या शाईची एकेक सायकल उमटलीय, एकीचं मागचं चाक पुसट. सहावा चौकोन कोरा आहे. तो कोरा का, तेवढं सांगायचंय.

दोन हजार एक सालची गोष्ट. त्या काळी आडगाव नाक्यापासून ओझरपर्यंतच्या टापूत यादव पुंजारामच्या तोडीचा थापाड्या नव्हता. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तो फिटर होता. पत्र्याला पत्रा असा बसवायचा की मधून केस जाऊ नये, आणि तोंड उघडलं की मधून अख्खा उसाचा ट्रक जाईल एवढी फट. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनला त्याच्या टेबलाभोवती खुर्च्या पुरायच्या नाहीत.

"निफाडची थंडी तुम्ही काय पाहिलीय!" तो सांगायचा. "गेल्या पौषात पिंपळाखाली माझ्या सायकलीला हा एवढा खिळा लागला. पण ट्यूबमधली हवाच गोठलेली! भोकातून बाहेर यायला मागेना. तसाच ओझरपर्यंत आलो. दुपारी ऊन तापलं, तेव्हा कुठे स्टँडवर टायर फुस्स झालं. खोटं वाटत असेल तर बहिरूला विचारा."

बहिरू शेजारीच बसलेला असायचा. त्याच खात्यात हेल्पर, हरसूलकडच्या खोरीपाड्याचा, नागलीची भाकरी आणि दिवसाला मोजून दहा वाक्यं, एवढाच त्याचा खर्च. डब्यातून मान वर न काढता तो म्हणायचा, "व्हय. मी मागंच व्हतो."

लोक टेबल बडवायचे. थापेपेक्षा ती साक्ष ऐकायला गर्दी जमायची.

आणि तेवढं मात्र खरं होतं. कारखान्याची बस दारावरून जात असताना हे दोघं बावीस वर्षं नाशिकहून ओझरला सायकलनं जात-येत होते. यादव पुढे, बहिरू मागे. समोरचा वारा यादवनं छातीवर घ्यायचा, बहिरूनं त्याच्या पाठीच्या आडोशानं यायचं. हायवेवर ट्रकांच्या घरघराटात मागचा आहे की राहिला हे पुढच्याला कळत नाही, म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. दर किलोमीटरच्या दगडाशी बहिरू ओरडायचा, "आलो!" बस्स. यादवला मागे वळून बघावं लागायचं नाही. बावीस वर्षांत त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या जूनमध्ये मंडळानं शर्यत जाहीर केली. नाशिक ते धुळे आणि परत, दोन दिवसांत, चौघांचा संघ, जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुरुवात. कप नाही, ढाल नाही. जो संघ चौघांनिशी परत येईल, तो सांगेल त्या शाळेला मंडळ पाण्याची टाकी बसवून देणार. चौघांतला एक जरी कमी पडला तर टाकी नाही. यादवनं त्याच दिवशी चार नावं दिली. स्वतः, बहिरू, वीज मंडळातला वायरमन मनोज, आणि महापालिकेच्या शाळेतली स्नेहल मॅडम, जी ओझर रस्त्यावर भल्याभल्यांना मागे टाकून वर पुन्हा "गुड मॉर्निंग" म्हणायची.

"टाकी कुठल्या शाळेला लिहायची?" मनोजनं विचारलं.

बहिरूनं त्या दिवशीचं सर्वांत लांब वाक्य खर्च केलं. "आमच्या खोरीपाड्याला. पोरं शाळेत येताना दप्तर इसरत्यात, हंडा नाय इसरत."

तसं लिहिलं गेलं.

जुलैत भाताच्या लावणीला आठ दिवसांची रजा काढून बहिरू गावी निघाला. सायकल यादवच्या दारात उभी केली, पँटीची क्लिप काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "येतो, दादा." आपल्याकडे जाणारा माणूस जातो म्हणत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावर बसला, छातीवर हात धरला, बायकोला म्हणाला, जरा टेकतो. एवढंच झालं.

यादव मातीला गेला. पाऊस होता, माणसं होती. कोण होतं न् कोण नव्हतं, काही ध्यानात राहिलं नाही. बहिरूच्या उजव्या नडगीवर चेनच्या तेलाचा काळा डाग होता. रॉकेलनं निघेल, असं यादवच्या मनात आलं. कोणीतरी मागून त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. तो प्यायला. तांब्या मागे केला, कोणीतरी घेतला. रडू येईना. त्याला वाटलं, येईल मागून. ते काही आलं नाही.

पंधरा दिवसांनी बहिरूची बायको भागीबाई सायकल न्यायला आली. उंबऱ्यात बसून तिनं पदर डोळ्याला लावला. यादव तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, "चेनला तेल घातलंय. मागचा ब्रेक जरा घासतो."

भागीबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग बहिरूची क्लिप कनवटीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. "सायकल राहू द्या तुमच्याकडंच, भाऊजी. आमच्याकडं चालवणार कोण."

"बरं," यादव म्हणाला. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आपल्या सायकलीबरोबर त्या सायकलीचीही हवा बघू लागला.

आता खरी गंमत ऐका. मातीहून परतून कारखान्यात हजर झाला त्या दिवशी यादवनं कॅन्टीनच्या टेबलावर डबा उघडला आणि सांगितलं, "बहिरू गेला."

"कुठं? चंद्रावर?" समोरचा म्हणाला.

"विमानानं गेला का सायकलनं?" दुसरा.

"अरे, बहिरूलाच विचारा ना!" तिसरा म्हणाला आणि टेबल बडवलं गेलं. सगळे हसले. यादवही हसला, म्हणजे तोंडानं तसा आकार केला, आणि गवारीची भाजी संपवली. संध्याकाळी नोटीस लागली तेव्हा त्या तिघांनी येऊन त्याचे हात धरले. तो म्हणाला, "असू द्या."

जन्मात एकदा खरं बोलला होता. चाललं नाही.

सप्टेंबरात मंडळाच्या ऑफिसात कार्डं वाटली, तेव्हाही तो खरं सांगायलाच गेला होता. गोळे कॉलनीत दोन खोल्यांचं ऑफिस, तिथे एक तरुण बाई, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कार्डांचा गठ्ठा.

"चौघं आलात?"

"बहिरू गेला," यादव म्हणाला.

"कुठे गेला?"

आता ती बिचारी काय विचारणार? गेला म्हटल्यावर कुठे, हे ओघानंच येतं. यादवनं तोंड उघडलं. आत योग्य तो शब्द शोधला, तर हाताला लागली नेहमीचीच वस्तू.

"हरसूलला," तो म्हणाला. "येईल."

"त्यांना सांगा, सरावाचे सहा शिक्के लागतात," ती म्हणाली आणि तिनं चार कार्डं मोजून त्याच्या हातावर ठेवली.

नियम साधे होते. नोव्हेंबर-डिसेंबरातले सहा रविवार नाशिकहून त्र्यंबकमार्गे हरसूलच्या घाटमाथ्यावर जायचं, तिथल्या चहाच्या टपरीत कार्डावर शिक्का घ्यायचा. शर्यतीच्या सकाळी चौघांनी जातीनं उभं राहायचं, चेहरा आणि फोटो ताडून पाहणार. कोणी गळाला तर बदली माणूस बिनशिक्क्यांचाही चालेल, पण शेवटच्या रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत तसा अर्ज द्यायचा. अर्जावर कप्तानाच्या हातानं कारण. आणि कप्तान म्हणून नाव होतं यादव पुंजारामचं.

म्हणजे अडलं होतं ते एका ओळीवर. मनोजचा मेहुणा मयूर दवाखान्यात कंपाउंडर होता, पायानं दणकट, तयारच होता. एक ओळ लिहायची, सही ठोकायची.

"काका, लिहून टाकू या ना," मनोज म्हणायचा.

"बघू," यादव म्हणायचा.

पहिल्या रविवारी तिघं त्र्यंबक रस्त्याला लागले. यादव पुढे, मध्ये स्नेहल, मागे मनोज. पहिला दगड आला. मागून आवाज आला नाही. यादवचे पाय आपोआप मंदावले, मग त्याच्या मागचे दोघंही मंदावले, मग पुन्हा वेग. दुसरा दगड, तेच. घाटमाथ्यापर्यंत पन्नासेक दगड, आणि दर दगडाशी तिघांनाही उचकी लागल्यासारखं व्हायचं. मागून येणाऱ्या जीपवाल्यानं काच खाली करून विचारलं, "काय ओ, दगडांना नमस्कार करत चाललाय का?"

यादवनं मागे पाहिलं नाही.

घाटमाथ्यावरची टपरी मालनबाईची. पत्र्याचं छप्पर, दगडी चूल, दिवाळीतच टाकलेली, त्यामुळे कोणाच्या ओळखीची नव्हती. मंडळानं तिला शिक्का आणि शाईचा डबा देऊन ठेवला होता. पन्नाशीची बाई, साक्षरतेच्या वर्गात अक्षरओळख झालेली आणि त्या ओळखीचा तिला भारी अभिमान. शिक्का मारण्याआधी प्रत्येक नाव ती बोट ठेवून वाचायची, मग कितीही वेळ लागो.

"स्ने… ह… ल. ही तू का? बस गं, दमलीस. म… नो… ज." शिक्का. शिक्का. यादवचं कार्ड झालं. मग यादवनं चौथं कार्ड पुढे सरकवलं.

मनोजनं स्नेहलकडे पाहिलं. स्नेहलनं चहाच्या ग्लासाकडे पाहिलं.

"ब… हि… रू." मालनबाईचं बोट तिथंच थांबलं. पुढचं अक्षर अडलं असावं असं यादवला वाटलं. "झि… प… रू." मग तिनं मान वर केली. "ह्यो कुठं हाय?"

"मागे आहे," यादव म्हणाला. आणि मग, नळ सोडावा तसं ते सुरू झालं. "तुम्हाला खरं वाटायचं नाही, मालनबाई. त्र्यंबकच्या अलीकडे बाभळीचा काटा घुसला. पंप घरी राहिलेला. पठ्ठ्यानं तोंडानं हवा भरली! भरली, पण गाल असे फुगलेत की बसायला तयार नाहीत. म्हणाला, दादा, बाईमाणसासमोर या तोंडानं कसा येऊ?"

मालनबाई त्याच्याकडे बघत राहिली. चुलीत काडी सारली. मग शिक्का उचलून कार्डावर दाबला, जरा तिरपा. एका सायकलीचं मागचं चाक पुसट आलं ते त्या दिवशीचं.

"गाल उतरलं की यायला सांगा," ती म्हणाली.

दुसऱ्या रविवारी बहिरूची सीट त्र्यंबकच्या माकडानं पळवली होती, आणि तो उभ्यानं सायकल मारत येत होता, माकड कॅरिअरवर बसून रस्ता दाखवत होतं. तिसऱ्या रविवारी समोरचा वारा असा की बहिरू सकाळपासून पुढे पॅडल मारतोय आणि मागे मागे जातोय. "आत्ता पंचवटीत पोचला असेल. अजून तासभर वारा राहिला तर ओझरला कामावर." चौथ्या रविवारी घाटात धुकं होतं, तेव्हा बहिरूनं सायकल धुक्याला टेकवून लघुशंका उरकली. तेवढ्यात ऊन आलं, धुकं उठलं, सायकल दरीत. "उतरलाय शोधायला."

"माणूस लय अडचणीत हाय म्हणायचा," मालनबाई म्हणायची, आणि शिक्का मारायची. ती हसायची नाही. यादवच्या थापांना न हसणारं माणूस त्यानं बहिरूशिवाय दुसरं पाहिलं नव्हतं.

त्याच सुमाराला त्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. दोन्ही हातांची. हँडलवर तासन् तास भार पडला की तसं होतं, मयूरनं सांगितलं, मूठ बदलत चला. यादवनं बदलली नाही. शर्टाची बटणं लावायला वेळ लागे, तेवढंच. मालनबाईचा चहा सगळे ग्लासाच्या काठाला धरून फुंकत प्यायचे. हा उकळता ग्लास मुठीत धरून बसायचा, जणू त्यात विहिरीचं पाणी आहे.

"यादवभाऊ, भाजंल की," ती एकदा म्हणाली.

"नाही लागत," तो म्हणाला. तीही थाप नव्हती.

पाचव्या रविवारी त्याला नवी थाप सुचली नाही. "मागे आहे," एवढंच म्हणाला. मालनबाईनं थोडी वाट पाहिली. मग शिक्का मारला.

शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशी मनोज मयूरला घेऊनच आला. निफाडच्या सपाट रस्त्यावर सकाळची फेरी होती, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव, अंगावर स्वेटर. "नुसतं बरोबर येऊ द्या, काका," मनोज म्हणाला. यादवनं नाही म्हटलं नाही. हल्ली तो कशालाच नाही म्हणत नव्हता, आणि होही म्हणत नव्हता. चौघं निघाले. मयूर सर्वांत मागे. आता मनोजनं चांगल्या मनानंच केलं, पण रीत आधी त्याला शिकवून ठेवली होती. पहिला दगड आला आणि मागून खणखणीत आवाज आला, "आलो!"

यादवनं वळून पाहिलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा. मागे हेल्मेट घातलेला, गोरा, तिशीचा एक माणूस होता, दात दाखवून हसत होता. यादवची सायकल रस्त्याच्या कडेला गेली, मातीत घसरली, पण पडला नाही. पुन्हा डांबरावर आला. त्याला वाटलं, आता काहीतरी होईल. रागाचं, नाहीतर रडण्याचं. त्यानं पुढच्या दगडापर्यंत वाट पाहिली. काही झालं नाही. जिभेला इंजेक्शन दिल्यावर आपलीच जीभ दाताखाली चावून पाहावी, तसं.

"चुकलं का काही, काका?" थांबल्यावर मयूरनं विचारलं.

"नाही. आवाज चांगला आहे," यादव म्हणाला.

घरी जाताना स्नेहल त्याच्या बरोबरीनं सायकल चालवत राहिली. पोरगी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी हळू बोलत होती. "काका, तुम्ही नाही लिहिलंत ना, तर आमचं काही नाही. सहा महिने पाय मोडले, पुढच्या वर्षी पुन्हा मोडू. पण टाकी त्यांच्या गावाची आहे. आणि शर्यतीच्या सकाळी तिथे फोटो बघणार आहेत. तेव्हा कुठला शिक्का दाखवाल?"

यादवनं ते ऐकलं, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकू यावा तसं.

सहावा रविवार. घाटमाथ्यावर पोचायला अकरा वाजले. खाली नाशिकला मयूर ऑफिसच्या दारात उभा असणार होता, पाच वाजता दार बंद. स्नेहलनं पाठीवरच्या पिशवीतून अर्ज काढला, टपरीच्या फळीवर ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर साखरेचा डबा ठेवला आणि पेन त्याच्या हातात दिलं. बदली माणसाचं नाव तिनं भरलेलं होतं. 'कारण' ही ओळ मोकळी होती.

यादव वाकला. दोन बोटं पेनाला धरेनात, म्हणून पोरांसारखं मुठीत धरून लिहू लागला. मनोज त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होता. दोन शब्द झाले. यादवनं पेन ठेवलं.

मनोजनं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "काका! अहो, ती बाई पुन्हा विचारेल, कुठे गेला म्हणून!"

"विचारू दे."

"आणि मग तुम्ही काय सांगाल?"

मालनबाई चहाचे ग्लास घेऊन आली. ते खाली ठेवून तिनं साखरेचा डबा उचलला, कागद आपल्याकडे फिरवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ब… हि… रू…" तिनं सावकाश वाचलं. "गे… ला." मग मान वर केली. "कुठं गेला?"

मनोजनं डोळे मिटून घेतले. यादवनं खिशातून गुलाबी कार्ड काढलं, पाच सायकलींचं, आणि ते अर्जाच्या शेजारी ठेवलं. तोंड आपसूक उघडलं.

"आज तर तुम्हाला मुळीच खरं वाटायचं नाही, मालनबाई. आज तो मागे नाहीच. पुढे गेला."

"पुढं?"

"पुढे! ज्यानं बावीस वर्षं माझा आडोसा सोडला नाही, तो. त्र्यंबक सोडलं, आणि मागून असा काही सूं करत आला म्हणता! 'येतो दादा' म्हणाला न् गेला. त्याची सावलीसुद्धा मागे राहिली. पळून पळून दमली, शेवटी माझ्या कॅरिअरवर बसून घाट चढली. पाय का भरून आलेत माझे? दोघांचं ओझं. तुमच्या दारावरून गेला तो मघाशी. तुम्ही चूल फुंकत होतात, म्हणून दिसला नाही. राख उडाली ना? तो गेल्याचा वारा. आता खोरीपाड्यात पोचलासुद्धा. शाळेच्या टाकीवर पाय धूत असेल. नडगीवरचा तेलाचा डाग घासतोय बघा, निघत नाहीये…"

"काका, टाकी अजून बसायचीय," मनोज हलकेच म्हणाला.

"बसली!" यादव म्हणाला. "खोटं वाटत असेल तर बहिरूला विचा…"

तो थांबला. हातातल्या ग्लासातला चहा त्याच्या मनगटावर सांडला होता, आणि तो तिकडे बघत होता, दुसऱ्याच कोणाचा तरी हात असल्यासारखा. चुलीवरचं आधण खदखदत होतं.

मालनबाईनं शिक्का उचलला. शाईच्या डब्यापर्यंत नेला, आणि तसाच उपडा फळीवर ठेवून दिला. पेन घेतलं. ते यादवच्या मुठीत सरकवलं आणि वरून आपल्या हातानं ती मूठ बंद केली.

"खोटं," ती म्हणाली. "राख मी फुंकली म्हणून उडली. खोरीपाडा माझं माहेर हाय, यादवभाऊ. मातीच्या दिवशी तुमच्या हातात तांब्या दिला तो मी, न् मागारी घेतला तोबी मी. सहा रविवार ऐकून घेतलं, म्हनलं कधीतरी सोताच थांबाल. कुठं गेला नाय बहिरू. मेला. मी मागंच व्हते."